शंभर दाण्यांचं वजन

सप्टेंबर सरत आला की माझ्या टेबलावर पाकिटं येऊन पडायला लागतात. जाड खाकी कागदाची, पोट फुगलेली. उचललं की आत घेवडा खळखळतो. मी राहते अमेरिकेच्या दक्षिणेकडे, कॅरीला. इथे या दिवसांतही पार्किंग लॉटपर्यंत चालत गेलं तर घाम फुटतो. पण पाकिटं येतात उत्तरेकडून, आणि उघडली की त्यातून आधी थोडी थंडी बाहेर येते, असं मला उगाचच वाटतं. मागोमाग वाळक्या शेंगेचा वास येतो, धुळीचा आणि जुन्या पोत्याचा.

माझं काम म्हणजे त्या दाण्यांची लांबी-रुंदी, वजन, रंग, सुरकुत्या आणि भोकं बघणं. एकच बी दहा शेतकऱ्यांना दिलं तर ते दहा तऱ्हांचं होऊन परत का येतं, हे शोधणं. आई अजूनही शेजारणींना सांगते, "अनघा अमेरिकेत घेवडे निवडते." त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

पाकीट उघडण्याआधी मी ते कानाशी नेऊन हलवते. ऑफिसातल्या लोकांनी याकडे बघणं आता सोडून दिलंय. भरलेला दाणा टणटणीत बोलतो, पोचट दाणा कुजबुजतो. पहिलं पाकीट हलवलं की हटकून नोव्हायचा तो एक मोसम आठवतो, ज्यात मी घेवड्यापेक्षा माणसंच जास्त मोजली.

तेव्हा मी मिशिगनमध्ये पीएचडी करत होते. नोव्हाय तिथून तासाभरावर. गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी घरं तिथे पुष्कळ, त्यामुळे पॉटलकही, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा अशी जेवणंही पुष्कळ, आणि घरच्या आमटीसाठी मी कुठल्याही पॉटलकला जायला तयार असे. विद्यार्थी अशा ठिकाणी चिप्सचं पाकीट घेऊन जातात. जूनमधल्या त्या पॉटलकला मी चिप्सही विसरले. गाडीत होतं ते फक्त प्रयोगाच्या पेरणीतून उरलेलं बी. "उरलेलं खुशाल वाटून टाक," असं माझे प्रोफेसर म्हणालेच होते. मी ती पिशवी आत नेली आणि समोशांच्या शेजारी ठेवली.

फिकट बदामी अंग आणि त्यावर कुणी घाईत ओढल्यासारखे किरमिजी पट्टे. शालिनी काकूंनी ओंजळ भरून घेतली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! वाघ्या घेवडा! आमच्या कोरेगावचा!"

"काकू, हा इथलाच आहे. इथे याला क्रॅनबेरी बीन म्हणतात."

"म्हणू देत. नाव बदललं म्हणून पट्टे बदलतात होय?"

काकू कोरेगावच्या. त्यांच्या वडलांनी जन्मभर घेवडा पिकवला. स्वतः त्या तीस वर्षं मिशिगनात होत्या, पण बोलता बोलता आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखा चढायचा. त्यांचे कुंपणापलीकडचे शेजारी होते प्रभाकर काका, ब्रेकचे पार्ट डिझाइन करून निवृत्त झालेले. काकांनी एक दाणा दोन बोटांत धरून उजेडात फिरवला आणि विचारलं, "याचा टॉलरन्स काय? मापात किती फरक चालतो?"

"घेवड्याला कसला टॉलरन्स, काका?"

"प्रत्येक गोष्टीला असतो," काका म्हणाले.

मला तिथेच कल्पना सुचली. माझा खरा प्रयोग बारा शेतकऱ्यांच्या शेतांवर चालू होता, पण ही घरगुती रंगीत तालीम झाली तर काय वाईट? मी सगळ्यांना वीस-वीस दाणे मोजून दिले. चमचा घेऊन काचेच्या ग्लासावर वाजवला आणि सांगितलं, "पिकवा, वाळवा. जे निघेल ते सगळं एकत्र मिसळा आणि डोळे मिटून त्यातले शंभर दाणे मला द्या. आपण वजन करू. बघू कुणाच्या मातीत काय आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि गुलाबजामकडे वळले. माझं वाक्य नेमकं किती जणांनी ऐकलं, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

पाच घरांनी बी नेलं. एका घरचं पीक हरणांनी जुलैतच संपवलं, इतकं साफ की त्यांनी मला फोटो पाठवला तो नुसत्या मातीचा. राहिली चार.

तो उन्हाळा आठवतो तो तुकड्या-तुकड्यांनी. प्रभाकर काकांच्या अंगणातल्या काळ्या नळ्या, टायमर लागला की एकदम फुस्स करून सुरू होणारं पाणी, आणि मातीत खुपसलेला थर्मामीटर. खताची तीन पोती. त्यांचे वेल इतके माजले की मंदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचता येईना. कुंपणाच्या अलीकडे शालिनी काकू बुटक्या स्टुलावर बसून तांदळाचं धुवण बुंध्याशी ओतायच्या. "वहिनी, पीएच चेक केलात का?" पलीकडून आवाज यायचा. "चेक केला, गोड आहे," इकडून उत्तर जायचं.

विलास काका नागपूरचे. सरकारी कचेरीत जन्म काढून, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. भर जुलैत माकडटोपी घालून ते सकाळी वाफ्याशी उभे राहायचे आणि वेलांना विचारायचे, "काय म्हणता मग?" त्या घरात दिवसा दुसरं कुणी नसायचं. आणि केतकी, माझ्याच वयाची, आयटीत. अपार्टमेंटच्या गॅलरीत दोन बादल्या. मीटिंग म्यूट करून पाणी घालायची आणि मला मेसेज टाकायची, "यार, पहिलं फूल आलं! मॅनेजर बोलत होता, मी ओरडलेच."

सप्टेंबरात शेंगा कागदासारख्या झाल्या. पट्टेदार हिरव्याच्या गुलाबी, गुलाबीच्या तपकिरी. वाळलेल्या वेलातून वारा गेला की सबंध वाफा खुळखुळ्यासारखा वाजायचा. अंगठ्यानं शेंगेची शिवण दाबली की ती पटकन पिळून उघडते आणि आत पाच-सहा दाणे पाठीला पाठ लावून झोपलेले असतात. तो क्षण मला अजून आवडतो. काम म्हणून करायला लागले तरी आवडतो.

चार पिशव्या माझ्या हातात आल्या. मी लॅबमध्ये वजन केलं, रंगीत आलेख केला. आणि मग आयुष्यातल्या दोन-चार मूर्खपणांत मोजावा असा एक मूर्खपणा केला. तिथल्या मराठी मंडळाचा गणपती, जो तिथीला न येता शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी येतो, त्या कार्यक्रमात तो आलेख मी प्रोजेक्टरवर लावला.

पहिले प्रभाकर काका. त्यांचे दाणे टपोरे, आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके सारखे. दुसरे विलास काका. तिसरी केतकी. सगळ्यात बुटका खांब शालिनी काकूंचा. त्यांच्या पिशवीत बारीक दाणे होते, सुरकुतलेले होते, दोन फुटके, एकाला भोक आणि भोकात भोकाचा मालक. आणि मी माइकवर, हसू मिळावं म्हणून, म्हणाले, "कोरेगाव शेवटून पहिलं!"

हसू मिळालं. सबंध हॉल हसला. शालिनी काकूही हसल्या, पण त्या पदर सारखा करत हसल्या. आरतीनंतर त्या दिसल्या नाहीत. त्यांच्या नावाचा प्रसाद टेबलावर तसाच राहिला.

पुढचे दिवस प्रभाकर काका कुंपणावर कोपरं टेकून उभे असायचे. "वहिनी, तुमचं प्रोसेस कंट्रोल कमी पडलं." रोज एक सूचना. मला हे मंदा काकूंकडून कळत होतं. मग कळलं की शालिनी काकू वाफा उपटून तिथे हिरवळ लावणार आहेत. मी फोन केला, त्यांच्या यजमानांनी उचलला. "ती बाहेर गेलीय," ते म्हणाले. मागे मिक्सर फिरत होता.

तिकडे तीन आठवड्यांवर माझी कमिटी मीटिंग, म्हणजे पीएचडीचं काम तपासणाऱ्यांपुढची हजेरी, आली होती. खऱ्या बारा शेतकऱ्यांचे दाणे मोजून झाले होते. फरक कुठून येतो? मातीतून. असा माझा सुबक निष्कर्ष लिहून तयार होता. सराव म्हणून मी नोव्हायच्या चार पिशव्या प्रोफेसरांना दाखवल्या. ते जन्मापासून बीनच्या शेतात वाढलेले, हात फावड्याएवढे. त्यांनी चारही पिशव्या चार पांढऱ्या ट्रेंमध्ये ओतल्या आणि दाणे बोटानं उलटवून बघितले. मग शालिनी काकूंचा ट्रे पुढे ओढला.

"यात माती आहे. किडा आहे. फुटका दाणा आहे. ही पिशवी खरी आहे," ते म्हणाले. "बाकीच्या तिघांना कुणीतरी आंघोळ घालून, पावडर लावून पाठवलंय."

मी गाडी काढली.

विलास काकांनी दार उघडलं, चहा टाकला. मी विचारलं, "काका, तुम्ही शंभर दाणे दिलेत. बाकीचे कुठे आहेत?" त्यांना आनंदच झाला. कपाटातून त्यांनी तीन डबे काढले. झाकणांवर मार्करनं लिहिलेलं, एक, दोन, तीन. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्यांनी प्रत्येक दाणा निवडला होता. "तुला एक नंबरमधले दिले," ते म्हणाले.

"पण मी मिसळून द्या म्हणाले होते."

काकांचा चेहरा पडला. "अवं, पाहुण्याला का आपण फुटक्या कपात चहा देतो?"

माझ्या हातातला कप नवा होता. त्यांच्या स्वतःच्या कपाचा कान तुटलेला.

केतकीकडे वेगळीच गोष्ट. तिच्या दोन बादल्यांतून निघाले होते एकतीस दाणे. "तू शंभर मागितलेस यार. मग मी ग्रोसरीतून आणून कम्प्लीट केले."

"केतकी, विकतचे घातलेस?"

"सेम दिसत होते! मी तर सॉर्ट पण केलं मॅच व्हावं म्हणून. दोन तास गेले." तिला मनापासून वाटत होतं की तिनं माझ्यासाठी कष्ट घेतले. आणि घेतलेच होते.

प्रभाकर काकांनी मला स्प्रेडशीट दाखवलं. प्रत्येक दाण्याची लांबी व्हर्नियर कॅलिपरनं मोजलेली. ठरावीक मापात बसला तर पास.

"आणि नाही बसला तर?"

"रिजेक्ट."

"रिजेक्ट किती होते, काका?"

काकांनी स्प्रेडशीट भराभर वर सरकवलं. स्वयंपाकघरातून मंदा काकू म्हणाल्या, "अगं, रिजेक्टच होते! पास झाले ते तेवढे शंभर. एवढ्या खतानं नुसता पाला आला, शेंगा भरल्याच नाहीत. ही बघ बरणी. महिना झाला मी रिजेक्टची उसळ घालतेय यांना."

मी ती बरणी मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि मला हसू यायला लागलं. मग हसू थांबलं. बारा शेतकऱ्यांचं काय? दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन लावला. पहिलाच म्हणाला, "तुला खराबही हवे होते? मग आधी सांगायचंस ना. तू विद्यार्थिनी, एवढ्या लांबून आलेली. चांगलेच पाठवले मी." दुसऱ्याची तऱ्हा उलटी. चांगलं बी पेरणीसाठी ठेवून त्यानं मला गाळ पाठवला होता. माझी माती-बिती काही नव्हती. मी इतके दिवस सूक्ष्मदर्शकाखाली माणसांचे स्वभाव मोजत होते. कोण पाहुण्याला पहिलं देतो, कोण घरासाठी राखतो, कोण आकडा पुरा करतो आणि कोण नाकारलेलं खाऊन टाकतो.

यावर नाक मुरडण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला होता. मी खोलीतला आवरलेला कोपरा मागे ठेवून बसले, कमिटीची तयारी छान चाललीय म्हणाले, नवा स्वेटर दाखवला. लाँड्री रूममध्ये ड्रायरला टेकून रडले होते, ते दोन नंबरच्या डब्यात राहू दिलं. तिनंही मला बाबांची गुडघेदुखी सांगितली नाही. ती मला नंतर, बाबा व्यवस्थित चालायला लागल्यावर कळली. दोन्हीकडून निवडक शंभर दाणे जात-येत होते आणि आम्ही दोघी वजनावर खूश होतो.

कमिटीला मी खरं सांगितलं. एक मोसम वाया गेला, सगळं पुन्हा मोजायचं, पीएचडी एक वर्ष लांबली. प्रोफेसर म्हणाले, "प्रत्येक बीनवाल्याचं एक वर्ष असं जातं. तुझं लवकर गेलं." मला त्यांचा राग आला होता. आज पाकिटांबरोबर मी सूचनांचा कागद पाठवते, त्यात पहिली ओळ ठळक अक्षरांत असते, सगळं पाठवा, कुरूपसुद्धा. तरी आंघोळ घातलेले दाणे येतात. यायचेच.

पण तेव्हा एक काम बाकी होतं. विलास काकांचे तीनही डबे एकत्र केले. केतकीचे खरे एकतीस वेगळे काढले. प्रभाकर काकांचे शंभर आणि मंदा काकूंची बरणी मिसळली. पुन्हा शंभराच्या हिशोबानं वजन केलं. खांब एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शालिनी काकूंचा नखभर उंच. प्रभाकर काकांचा खाली, बराच खाली.

ऑक्टोबरची पहिली कडक थंडी पडून गेली होती. काकू अंगणात स्टुलावर बसून वाळके वेल उपटत होत्या. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"काकू, मी चुकले," मी म्हणाले. "माइकवर तसं बोलायला नको होतं."

"तू काय खोटं बोललीस? दाणे बारीकच होते."

"सगळ्यांचेच होते. त्यांनी लपवले." मी सगळं सांगितलं, डबे, बादल्या, व्हर्नियर, बरणी. काकूंचा हात आता थांबला.

"तू म्हणालीस डोळे मिटून द्या," त्या म्हणाल्या. "मी खरंच मिटले होते गं. ह्यांना म्हटलं, मोजा तुम्ही, मी काढते. हाताला मोठे लागले तर परत टाकून दुसरे घेतले, उगाच आपल्याकडून लबाडी नको."

म्हणजे त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध चूक करून ठेवली होती. माझ्या तोंडून निघालं, "काकू, तुमचा पहिला नंबर आहे."

मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे गं, नंबर काय करायचाय. आपल्याकडची मोठी माणसं असंच म्हणतात. काकूंनी गुडघ्यावरची माती झटकली. "पहिला ना? मग तो प्रोजेक्टर परत लाव. त्याच हॉलमध्ये. त्याच लोकांपुढे."

मंडळाच्या सेक्रेटरींनी दिवाळीच्या कार्यक्रमात मला दोन मिनिटं दिली, लहान मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधली. म्हणजे अर्धा हॉल मुलांचे मेकअप पुसत होता आणि अर्धा प्लेटच्या रांगेकडे सरकत होता. पहिल्या रांगेत शालिनी काकू, जांभळी पैठणी, नथ. मी आलेख लावला. आधीची चूक सांगितली, माफी मागितली. "बी सगळं एकाच पिशवीतलं, एकाच जातीचं," मी म्हणाले. "दाणा लहान झाला तो पाण्यानं, खतानं, उशिरा पिकल्यानं. रक्त तेच. पुढच्या वर्षी बारका दाणा पेरला तरी त्यातून तसाच घेवडा येईल. आणि या वर्षी पहिला नंबर, कोरेगाव."

टाळ्या झाल्या. विलास काकांनी शिट्टीही वाजवली. प्रभाकर काका उभे राहिले. "ऑब्जेक्शन. माझे रिजेक्ट मोजायचं ठरलं नव्हतं."

"बसा हो खाली," मंदा काकू म्हणाल्या. "बरणी परत आली, दिवाळी आली, तरी आपण रिजेक्टच खातोय."

या वेळी हॉल गणपतीपेक्षा जास्त हसला. काका बसले. हसले सुद्धा, जरा उशिरानं.

हिरवळ रद्द झाली हे मला जेवणाच्या टेबलाशी कळलं. शालिनी काकू पर्समधून कागदाच्या पुड्या काढत होत्या. पुढच्या जूनसाठी बी, घराघरांत वाटायला, प्रत्येकी वीस दाणे, वर बॉलपेननं नाव. केतकीची पुडी, विलास काकांची पुडी, हरणांनी लुटलेल्या घराची पुडी. सगळ्या गुबगुबीत. एक पुडी मात्र चपटी होती, नागपंचमीच्या लाह्यांइतकी हलकी. मी उलटून नाव बघितलं, प्रभाकर. उघडली. आत वीस दाणे, वीसही सुरकुतलेले, मसुरापेक्षा जेमतेम मोठे. एवढे बारीक एका जागी जमवायला किमान दोन संध्याकाळी गेल्या असतील.

"काकू!" मी म्हणाले.

काकूंनी माझ्या हातातून पुडी काढून घेतली, घडी पुन्हा नीट दाबली, आणि पलीकडे श्रीखंड वाढून घेणाऱ्या प्रभाकर काकांकडे बघत गोड हसल्या.

"काय झालं? तूच आत्ता माइकवर म्हणालीस ना, रक्त तेच असतं म्हणून?"